हाताच्या दगडावरचा गेरू

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून माणसं येतात, हातात चहाचा कप धरून माझ्या कामाभोवती एक फेरी मारतात आणि मग हळूच विचारतात, "कौसल्याताई, हा बांगड्यांचा हात तुमच्याकडे सारखा सारखा येतो, तो कुठून आला?" पूर्वी मी काहीतरी गुळमुळीत सांगायची. परंपरा, स्त्रीशक्ती, मातीशी नातं, असले शब्द त्यांना फार आवडतात आणि काही जण ते लिहूनसुद्धा घेतात. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी काही निवले नाही. उलट आता गुडघे दुखतात तेव्हा डोकं जास्तच तापतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते. तो हात आमच्या गावच्या माळावरच्या दगडावर होता. तो दगड माझ्यामुळे फुटला, त्याचं पाप अण्णांच्या माथी बसलं, आणि मी खरं काय ते सांगितलं तेव्हा एकाही मेल्यानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

आमचं गाव आष्टीच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. घरात आम्ही तिघंच. अण्णा म्हणजे माझे वडील, माय आणि मी. बहात्तरच्या दुष्काळात आमची बैलजोडी मामानं गेवराईकडे नदीकाठाला नेली होती, त्यामुळे गोठा रिकामा होता आणि मी त्यात बसून चित्रं काढायची. विहिरीत उतरून पाहिलं तर तळाशी कोरडी माती आणि एक मेलेला सरडा. दिवसाआड टँकर यायचा आणि घरटी मोजून घागरी मिळायच्या. खायला मिलो. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी ज्यानं थापली त्यालाच तिची जात माहीत. पिठाला चिकटपणा असा नाहीच. माय गरम पाणी घालून, तळहातानं रगडून रगडून भाकरी थापायची आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. ती तुकडेच भाजायची आणि म्हणायची, "खा आता, मोडायचे कष्ट वाचले." त्यावर मिरचीचा ठेचा. मला त्या लाल भाकरीचा वास अजून आठवतो आणि अजून संताप येतो. परवा पुण्यात एका हॉटेलात कुणीतरी मला 'गावाकडचं साधं जेवण' म्हणून कौतुकानं भाकरी वाढली, तर मी ताट सरकवलं.

सकाळी उजाडलं की माळावरून ठण ठण सुरू व्हायचं. सरकारनं खडी केंद्र काढलं होतं. गडी घणानं धोंडे फोडायचे, बाया त्या तुकड्यांची हातोडीनं खडी करायच्या. अख्खं गाव तिथं. ज्यांच्या घरच्या बाया कधी उंबऱ्याबाहेर दिसायच्या नाहीत त्यासुद्धा पदर खाली ओढून आमच्या रांगेत बसलेल्या. मी सोळा वर्षांची होते, शाळा बंदच पडल्यासारखी होती, तर मीही मायच्या शेजारी गोणपाटावर बसून खडी फोडायची. दुपारी सुकडी मिळायची, सरकारनं वाटलेलं कोरडं गोडसर पीठ, मूठ मूठ. माय तिच्यातली अर्धी माझ्या मुठीत कोंबायची आणि मी नको म्हटलं की चिमटा काढायची. अण्णा मात्र फोडायला नव्हते, ते मुकादम होते. त्यांना लिहिता-वाचता येत होतं आणि चेअरमनचा त्यांच्यावर विश्वास होता. किंवा अण्णांचा चेअरमनवर होता, असं म्हणू.

हे चेअरमन म्हणजे आमच्या भागातले मोठे जमीनदार. सहकारी सोसायटी त्यांची, दूध संघ त्यांचा, आणि आता सहकारी साखर कारखाना काढायचा त्यांनी घाट घातला होता. आमची खडी जायची ती त्याच कारखान्याच्या रस्त्याला. जीपवर उभे राहून ते सांगायचे की कारखाना झाला की ह्या माळावर ऊस डोलेल. अण्णा ते ऐकून घरी यायचे आणि मायला जसंच्या तसं सांगायचे. माय चूल फुंकता फुंकता विचारायची, "ऊस कशावर पिकवायचा? त्यांच्या थुंकीवर?" अण्णा म्हणायचे, "तुला काय कळतंय. सहकार हाय ह्यो. आपुन सगळे मालक हाव." माय म्हणायची, "मालकिणीला जरा घागरभर पानी आना मग." हे बोलणं रोजचं होतं. अण्णा चिडायचे नाहीत, हसायचे. ते भोळे होते आणि मला त्यांच्या भोळेपणाचा आजही राग येतो.

आता दगडांचं सांगते. माळावर, कारखान्याच्या रस्त्याची आखणी बरोब्बर जिथून गेली तिथं, चार जुने दगड उभे होते. तीन वीरगळ. खाली गाईंच्या मागे लढणारा वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या बाया, वर महादेवाची पिंड आणि टोकाला चंद्र-सूर्य. चौथा तो हाताचा दगड. कमरेएवढा खांब, त्यातून कोपरात वाकलेला एक हात बाहेर आलेला, तळवा उघडा, अंगठ्याच्या खाचेत लिंबू, मनगटापासून पाच बांगड्या. कोणे एके काळी नवऱ्यामागे जळालेल्या बाईचा तो हात. गावातल्या बाया त्याला हळदकुंकू लावायच्या, नव्या नवऱ्या पाया पडायला यायच्या. माझी माय कधी पडली नाही. मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, "जित्ती जाळली आन् वरून हळदकुंकू. तिला इचारलं व्हतं का कुनी?" हे तिनं अशा आवाजात सांगितलं की मी परत विचारलं नाही. पण त्या दगडाजवळून जाताना ती त्याच्यावरची धूळ पदरानं झटकायची, तेवढं मी पाहिलंय.

गावानं हट्ट धरला की रस्ता वाकवा, पण ह्या दगडांना हात लावू नका. अण्णा स्वतः चेअरमनकडे गेले. चेअरमननं चावडीसमोर सगळ्यांच्या देखत शब्द दिला की एक टवकासुद्धा उडणार नाही. अण्णा त्या दिवशी छाती काढून घरी आले.

माझं त्या दगडांशी नातं वेगळंच होतं. मला ते काढायचे होते. आमच्या शाळेत शेखसर म्हणून चित्रकलेचे मास्तर होते, किडकिडीत, कायम खिशात खडूचे तुकडे. त्यांनीच मला चित्रकलेच्या परीक्षेला बसवलं होतं. कागद कुठून आणायचा, तर केंद्रावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या यायच्या, त्यांचा आतला कागद मी झटकून, सपाट करून ठेवायची. बाभळीच्या कोळशानं त्यावर काढायची. शाळा ओस पडली तेव्हा शेखसर आपल्या गावी परांड्याला निघाले. जाताना माळावर आले, माझे कागद पाहिले आणि म्हणाले, "बेटी, तू जो जानती है वो काढतीस. जो दिखता है वो काढ." मी म्हणाले, सर, दिसतच नाही, दगड झिजलाय. ते म्हणाले, "झिजलेल्या रेघेत गेरू भर आणि वरून ओल्या फडक्यानं पूस. नक्ष आपोआप वर येतो. काम झालं की धुऊन टाक." एवढं सांगून ते एसटीत बसले. धुवायला पाणी कुठलं, हे ना त्यांना सुचलं ना मला.

आणि खडी केंद्राची एक रीत इथं सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फोडायचे धोंडे आधी ओव्हरसियर मोजायचा. मोजून झालं की त्याचा माणूस धोंड्यावर गेरूचा एक फराटा ओढायचा. गेरू नाही तर घण नाही. आणि गेरू असला की मग कुणी काही विचारायचं नाही, फोडायला सुरुवात करायची. केंद्रावरच्या लहान पोरालासुद्धा हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. रोज त्याच फराट्यांच्या धोंड्यांची खडी मी फोडत होते. तरी मला त्या दिवशी एकदासुद्धा वाटलं नाही की माझा गेरू आणि त्यांचा गेरू एकच दिसेल. मी चित्र काढत होते ना. चित्र काढणाऱ्याला वाटतं, आपलं जगच वेगळं आहे. मूर्ख कुठली.

बाजाराचा दिवस होता, केंद्र बंद. अण्णा आणि माय आष्टीला गेले. मी घरातला गेरूचा डबा घेतला, फडकं घेतलं, तांब्याभर पाणी घेतलं आणि माळावर गेले. दुपारचं ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका बसावा. मी एकेक रेघ बोटानं चाचपून तिच्यात गेरू भरला, वरून पुसला आणि काय सांगू, वीराच्या हातातली तलवार उठून आली, गाईची शेपटी आली, त्या वर नेणाऱ्या बायांच्या कमरेच्या मेखला आल्या. हाताच्या दगडाशी मी सगळ्यात जास्त वेळ बसले. तळहातावर बारीक रेघा होत्या. कुणा पाथरवटानं त्या मेलेल्या बाईच्या तळहातावर हाताच्या रेषा कोरल्या होत्या, आणि गेरू भरेपर्यंत गावात त्या कुणाला माहीत नव्हत्या. मी रडले तिथं. खोटं कशाला सांगू. मग कोळशानं चारही दगड कागदावर उतरवले. आजवर मी जे काही काढलं त्यात त्या हाताच्या चित्राइतकं चांगलं एकही नाही. संध्याकाळी पाहिलं तर फडक्याचा ओला गेरू पसरून, वाळून, चारही दगडांची तोंडं सरसकट लाल झाली होती. रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. धुवायला तांब्यात घोटभर पाणी उरलं होतं, ते मी पिऊन टाकलं. म्हटलं, वारा सुटला की धुळीनं झाकेल.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत माझी पाळी होती. टँकर उशिरा आला, रांगेत भांडणं झाली, घागरी घरी टाकून मी माळावर पोचले तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. लांबूनच दिसलं की तिथं काही उभं नाही. मी धावत गेले. तिन्ही वीरगळांचे धोंडे झाले होते, आणि माय खाली मान घालून हातोडी मारत होती. तिच्यापुढच्या ढिगात एका तुकड्यावर दोन बांगड्या होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे पाहिलं. माझ्या नखांत गेरू होता. तिनं त्या तुकड्यावर हातोडी घातली.

काय झालं ते मायनंच मला नंतर सांगितलं. सकाळी गडी आले, त्यांनी गेरू पाहिला. नामा नावाचा घणवाला अण्णांना म्हणाला, "मुकादम, ह्या हाताच्या दगडावर बी गेरू हाय की." अण्णा जवळ गेले. बराच वेळ उभे राहिले. त्यांना वाटलं, चेअरमननं शब्द फिरवला आणि ओव्हरसियरनं गुपचूप गेरू मारला. त्यांनी डोक्याचा पटका काढला, दगडाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "सायबाचा गेरू हाय. आपुन काय बोलावं. फोडा." आणि पाठ करून उभे राहिले. कुणी नाही म्हटलं नाही. चावडीपुढं हट्ट धरणारं सगळं गाव तिथं होतं, आणि एकानंही विचारलं नाही की बाबा, जरा थांबा, साहेबाला येऊ द्या. पोटात सुकडीची भूक होती हे मला कळतं. पण ज्यांनी घण मारला तेच संध्याकाळी बोंबलत सुटले, हे मात्र मी अजून गिळलेलं नाही.

दुपारी ओव्हरसियर आला. त्यानं वही काढली. "ह्या चार दगडांना गेरू कुनी मारला बे?" अण्णा म्हणाले, "सायेब, तुमीच." तो म्हणाला, "मी कावून मारीन? वहीत न्हाईत ते." माझ्यापासून ते दोघं दहा पावलांवर होते. मी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, आमच्या घराचं नाव केंद्रावरून काढतील, मग खायचं काय. ही सबब आहे. भ्याले, हे खरं. आणि मी गप्प राहिले तेवढ्या वेळात गावानं गोष्ट रचून टाकली. रस्ता सरळ व्हावा म्हणून चेअरमननं इशारा केला आणि मुकादमानं रातोरात गेरू मारला. मग चेअरमनची जीप आली. ते खाली उतरले, फुटलेल्या ढिगाकडे पाहिलं आणि अगदी दुःखी आवाजात म्हणाले, "मी तर शब्द दिला होता. माणूसच फिरला, त्याला मी काय करणार?" त्यांच्या वाट्याचा आळ त्यांनी असा झटकला आणि तोही अण्णांच्या अंगावर पडला. रस्ता सरळच झाला. वाकवायची कटकट गेली.

पाऊस आणखी लांबला, तेव्हा गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. आमच्याकडं असं करतात. गाभाऱ्याच्या दाराशी मातीचा बांध घालायचा आणि घरटी एकेक घागर आणून पिंड पाण्यात बुडवायची. पाऊस पडेपर्यंत देव पाण्यात कोंडलेला. ज्या घराची घागर नाही ते घर गावात नाही, इतकी ती घागर मोठी. अण्णांनी सकाळपासून पाण्याला हात लावू दिला नाही. वाट्याला आलेली एकुलती घागर फडक्यानं पुसून, डोक्यावर घेऊन ते देवळाकडे निघाले. मागं माय, मागं मी. देवळाच्या पायऱ्यांवर गाव होतं, चेअरमनही होते, कपाळाला गंध लावून. तुकाराम आप्पा म्हणून गावातले वडीलधारे होते, त्यांनी अण्णांना वरच्या पायरीवर अडवलं. म्हणाले, "मुकादमा, तुझी घागर परत ने. सतीचा दगड फोडणाऱ्याचं पानी देवाला चालत न्हाई."

अण्णांच्या डोक्यावर घागर तशीच. पाणी हिंदकळून त्यांच्या कानामागून खाली आलं आणि ते पुसायलाही त्यांचे हात मोकळे नव्हते. तेव्हा माझं तोंड उघडलं. "गेरू मी लावला," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे वळले. आप्पा म्हणाले, "तू? तू कावून लावशील?" मी म्हणाले, "चित्र काढायला. रेघा दिसत नव्हत्या म्हणून." आधी एक जण हसला, मग सगळे. नामा म्हणाला, "चित्र काढाया दगड रंगवला म्हनं. शिमगा हाय का पोरी?" मी शपथ घेतली, महादेवाची घेतली. कुणी तरी म्हणालं, बापाला सोडवाया पोरगी बोलती, बोलू द्या. मी घरी पळत गेले आणि सिमेंटच्या कागदावरची चारही चित्रं घेऊन आले. धाप लागलेली. आप्पांनी ते कागद उलटे धरून पाहिले आणि म्हणाले, "ह्याच्यात कुटं गेरू हाय? ही तर काळी हायेत."

चेअरमननं ते कागद हातात घेतले. त्यांनी मात्र नीट पाहिले, एकेक पाहिलं. हाताच्या चित्रावर ते थांबले. मला वाटलं, ह्यांना कळलं. शिकलेला माणूस आहे, ह्याला कळलंच पाहिजे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरीचा हात चांगला आहे. पण बाळ, वडिलांसाठी झालं तरी देवाच्या दारात खोटं बोलू नये." आणि चारही कागद गुंडाळी करून त्यांनी ड्रायव्हरकडे दिले. म्हणाले, कारखान्याच्या कामाला येतील. त्यांना कळलं होतं, ह्याबद्दल माझी खात्री आहे. ज्या माणसाला ती रेघ कळली त्याला ती कशी काढली हेही कळलं होतं. पण ते कळून त्यांचं नुकसान होतं.

मग मायनं केलं ते आमच्या गावात आधी कुणी केलेलं नव्हतं. ती पुढं झाली, अण्णांच्या डोक्यावरची घागर तिनं उतरवली, आणि देवळाच्या पायरीवर सगळ्यांच्या देखत घागरीला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली. पदर ओला झाला तरी प्यायली. मग तोंड पुसून म्हणाली, "देवाला नगं तर आमी पितो. लई दिस झालं पोटभर पिऊन." घागर माझ्यासमोर धरली. "पी कौसे." मी प्यायले. देवाच्या नावाचं पाणी. गार होतं, त्याला मातीचा वास होता. बाया तोंडावर पदर धरून पाहत होत्या. अण्णांनी मात्र घागरीला हात लावला नाही. राहिलेलं पाणी मायनं डोक्यावर घेतलं आणि आम्ही घरी आलो.

घरी येऊन अण्णांनी मला शेजारी बसवलं. त्यांनी मला कधी जवळ घेतलेलं मला आठवत नाही, त्या दिवशी घेतलं. म्हणाले, "माझ्यापायी देवाच्या दारात खोटं बोललीस गं." मी म्हणाले, "अण्णा, खोटं न्हाई, खरंच मीच लावला." ते म्हणाले, "बरं, बरं. पुरं आता." त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा असा की मला तो पाहवेना. मी परत सांगायला गेले तर मायनं मला हाताला धरून चुलीपाशी ओढलं. हळू आवाजात म्हणाली, "डब्यातला गेरू कमी झालाय ते मला म्हाईत हाय. पर त्येला पटवाया जाऊ नगंस. मुकादमी गेली, नाव गेलं, लेक आपल्यासाठी बोलली, आता त्येच्यापाशी तेवढंच राह्यलंय." मला मायचाही राग आला. खरं बोलायला इतकी धडपडले आणि ते खरं माझ्याच घरात नको होतं.

पुढच्या सालापासून अण्णा आणि माय कोयता घेऊन नगरकडं उसाला जायला लागले. मला बीडला मावशीकडं ठेवलं. शेखसर परत आलेच नाहीत, त्यांची बदली झाली, म्हणजे माझा एकुलता साक्षीदार तोही गेला. काही वर्षांनी चेअरमनचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या साखरेच्या पोत्यांवर शिक्का आला. पाहते तर कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात, आणि लिंबाच्या जागी उसाचं कांडं. माझी रेघ होती ती. सतीच्या हातात ऊस देऊन त्यांनी पोती विकली. अण्णांनी किराणा दुकानात ते पोतं पाहिलं आणि मला एवढंच म्हणाले, "ह्यांनी चारच बांगड्या काढल्या. आपल्याला पाच व्हत्या."

मी शिल्पकार झाले ते त्या पोत्याच्या रागानं, असं म्हटलं तर कॉलेजातल्या माझ्या गुरुजनांना वाईट वाटेल, पण वाटू दे. कॉलेजात मला शाडूत आणि प्लास्टरमध्ये गोऱ्यागोमट्या बायांची अंगं घडवायला शिकवलं. मी शिकले. बाहेर पडल्यावर पहिली काही वर्षं संगमरवरात गुळगुळीत हात केले, ते खपलेही, आणि मला त्यांची शिसारी आली. मग आमच्या गावचा तो रस्ता रुंद करायला खणला तेव्हा मी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून जुनी खडी आणली. त्या खडीत कुठंतरी तो हात आहे. ती मी लोखंडी जाळीत भरून माणसाएवढाले हात उभे केले. नंतर उसाची चिपाडं घेतली, मळीत भिजवून वाळवली, काळा चिकट हात झाला, त्याला मुंग्या लागल्या, मी लागू दिल्या. मांजरसुंब्याच्या भंगारवाल्याकडून मोडके कोयते आणून त्यांच्या बांगड्या वळवल्या. प्रत्येक कामाच्या आधी मी कोळशानं काढते, सिमेंटच्या गोणीच्या कागदावरच काढते, आणि दर वेळी तळहाताच्या रेषांपाशी हात अडतो. त्या मला आता आठवत नाहीत. त्या कागदावर होत्या, आणि ते कागद कारखान्याच्या कुठल्या कपाटात वाळवीनं खाल्ले कोण जाणे. मधे चेअरमनच्या मुलाचा फोन आला होता, साहेबांचा पूर्णाकृती पुतळा करायचाय म्हणून. मी म्हटलं, करते, पण काखेत माझ्या कागदांची गुंडाळी दाखवीन. त्यानं फोन ठेवला.

अण्णा म्हातारपणी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, माझी पोरगी माझ्यासाठी महादेवाच्या दारात खोटं बोलली, अशी पोरगी नशिबानं मिळती. मी आत बसून ऐकायची. मायकडं पाहायची, ती भाजी निवडत असायची. अण्णा तसेच गेले. मागोमाग मायही गेली, आणि मग मला अडवणारं कुणी उरलं नाही.

मागच्या साली गावानं बोलावणं धाडलं. माळावर चौथरा बांधलाय, तिथं नवा हाताचा दगड बसवायचाय, आणि गावची लेक एवढी मोठी शिल्पकार असताना दुसऱ्याला कशाला सांगायचं. सरपंच म्हणजे त्या तुकाराम आप्पांचाच नातू. मी हो म्हटलं. एवढी वर्षं मी काळ्या दगडाला छन्नी लावली नव्हती, ती लावली. पाच बांगड्या, लिंबू, वर चंद्र-सूर्य. तळहात कोरा ठेवला. आणि खाली एक ओळ कोरली: 'पहिल्या दगडाला गेरू मी लावला होता, मुकादमानं नाही. कौसल्या.' सरपंचानं ती वाचली आणि माझ्याकडं फार प्रेमानं पाहिलं. म्हणाला, "आत्या, तुमी अण्णासाठी तवाबी बोलला व्हता, आमच्या घरात अजून सांगत्यात. पर आता कशाला वाईटपना घेता डोक्यावर? आमच्या मनात अण्णाबद्दल काय न्हाई." मी त्याला म्हटलं, अरे बाबा, हे खरं आहे. तो म्हणाला, "व्हय, व्हय, आत्या," अगदी अण्णा म्हणाले होते तसंच.

बसवायच्या दिवशी मला ताप होता, जाता आलं नाही. महिन्यानं गेले तर दगड छान उभा, हळदकुंकू लागलेलं, आणि खालची वीतभर पट्टी चौथऱ्याच्या सिमेंटात बुडालेली. ओळ गायब. गवंडी म्हणाला, मजबुतीसाठी खाली घ्यावा लागला. सरपंचानं नजर चुकवली.

मी गाडीतून छन्नी-हातोडी काढली आणि भर दुपारी त्या चौथऱ्यावर बसले. पोरं जमली, बाया जमल्या. सरपंच दोनदा येऊन "आत्या, उठा, लोक काय म्हनतील" म्हणून गेला. सत्तरीला टेकलेली बाई आपल्याच गावच्या माळावर परत खडी फोडत बसली होती. सिमेंट पक्कं होतं, दोन बोटं सोलली, पण दिवस कलायच्या आत ओळ बाहेर काढली. मग पिशवीतला गेरू पाण्यात कालवून एकेक अक्षरात भरला. शेजारी उभी असलेली एक नवी नवरी म्हणाली, "आजी, पुसून काढू का वरचं? समदं लाल झालंय, वाचता येईना." मी तिला म्हटलं, पाणी आण बाई, आधी पाणी आण. ती घरी पळत गेली आणि कळशी भरून घेऊन आली. मी दगड धुतला, स्वच्छ धुतला, आणि अक्षरं वाचता येतात की नाही ते तिलाच मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं.